सध्या काय वाचताय, आणि पुन्हा काय काढलंय?

अवांतर_वाचक

नवं काय हाती आहे ते सांगाच, पण या धाग्यात भर पुनर्वाचनावर ठेवू या. माझ्यापुढची चळत: विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (१८५७च्या बंडातल्या प्रवासाची हकीकत), जी. ए. कुलकर्णींचे कथासंग्रह, इरावती कर्वेंचं ‘युगान्त’ आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. चारही पूर्वी वाचलेली.

अडचण अशी की गोष्ट माहीत असली की डोळे पानावरून नुसते घसरत जातात. शिवाय ‘माझा प्रवास’च्या दोन वेगवेगळ्या प्रती हाताशी आहेत आणि मजकूर जुळत नाही. जी. एं.चं कुठून सुरू करावं? ‘युगान्त’ वाचताना मूळ महाभारत शेजारी ठेवायचं तर कोणतं?

‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’, ‘प्रत्येकाने वाचावं असं’ वगैरे शेरे नकोत, ते मलपृष्ठावर छापलेले आहेतच. आवृत्ती, क्रम, कुठे फसायला होतं, एवढंच लिहा.

पितळी_दौत

‘माझा प्रवास’पुरतं लिहितो, कारण सध्या तेच चालू आहे.

मजकूर जुळत नाही याचं कारण सरळ आहे. गोडसे भटजींनी हकीकत लिहून काढली १८८०च्या दशकात. ती छापून आली १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. वैद्यांनी भाषेवर हात फिरवला, काही मजकूर गाळला. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली दत्तो वामन पोतदारांनी, १९६६ साली. त्यानंतर बाजारात आलेल्या प्रतींपैकी काही वैद्यांच्या मजकुरावर उभ्या आहेत, काही पोतदारांच्या. मुखपृष्ठावरून हे कळत नाही. आतलं पान आणि प्रस्तावना बघा. १९०७चा उल्लेख आहे पण पोतदारांचं नावच नाही, तर बहुतेक वैद्यांचा मजकूर.

पहिल्या वाचनाला वैद्यांची प्रत सोपी जाते, यात वाद नाही. पुन्हा वाचताना मात्र पोतदारांचीच घ्यावी. दोन्ही असतील तर फक्त झाशीच्या वेढ्याचा भाग समोरासमोर ठेवून वाचा. सगळं पुस्तक असं ताडून बघायला गेलात तर पन्नास पानांत कंटाळाल.

आता वाचायचं कसं. पेन्सिल घ्या, आणि भटजींनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांना समासात वेगळ्या खुणा करत चला. पाहिलेल्याला सरळ रेघ, ऐकलेल्याला नागमोडी. आपल्या वरसई गावाहून निघाल्यापासून महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, पुढे काल्पीकडची पळापळ, चित्रकूट, काशी, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घर, हा त्यांचा स्वतःचा रस्ता. कानपूरला काय झालं, दिल्लीत काय झालं, हे वाटेत कानावर आलेलं. भटजी दोन्ही एकाच ठसक्यात सांगतात, त्यामुळे वाचणारा दोन्हीला सारखंच वजन देऊन बसतो. वीस-पंचवीस पानांनी खुणा आपोआप व्हायला लागतात आणि मग पुस्तक नव्याने उघडतं. झाशीच्या प्रकरणात सरळ रेघांची अशी दाटी होते की तिथलं लेखन इतकं घट्ट का, ते समासच दाखवतो.

दुसरी गोष्ट तिथींची. बहुतेक जण गडबडतात ती इथेच. शक आणि इसवी सनात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८चं अंतर, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९चं. शके १७८०चा पाडवा १८५८च्या मार्चच्या मध्याला आला. इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य झाशीपुढे आलं २१ मार्चला. तात्या टोपे मदतीला आले, पण बेतव्यावर १ एप्रिलला त्यांचा मोड झाला. शहरावर हल्ला चढला ३ एप्रिलला, आणि राणी बाहेर पडली ४च्या रात्री.

मेख अशी की हा सगळा हल्ला आपल्या पंचांगाने चैत्र वद्यात येतो आणि झाशीच्या पंचांगाने वैशाख वदीत. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, वद्य पक्षात ते एका महिन्याने पुढे. म्हणून दुसऱ्या कुठल्या हिंदी साधनाशी तिथी ताडताना महिना चुकला असं वाटलं, तर आधी पक्ष बघा. त्यात भर म्हणजे त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. काल्पीची लढाई, २२-२३ मे, ही त्या अधिकात पडते. राणीच्या मृत्यूची ज्येष्ठ शुद्ध सप्तमी ही निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, ज्येष्ठातली. हे ध्यानात नसेल तर मेच्या मध्यापासून पुढचा हिशेब आख्ख्या महिन्याने हुकतो, आणि बिचाऱ्या भटजींच्या स्मरणशक्तीवर खापर फुटतं.

शेवटचं_पान

पितळी_दौत यांच्याशी एका बाबतीत असहमत. पोतदारांची प्रत आज मिळते ती बहुधा जुन्या बाजारातली किंवा ग्रंथालयातली. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा नको. आणि स्वतःची असली तरी साठच्या दशकातला कागद आता पिवळा पडून कडक झालेला असतो, टोकदार पेन्सिल त्यात चर पाडते. खुणा करायच्याच असतील तर पानाच्या उंचीच्या कागदी पट्ट्या कापा, पट्टीवर ओळीसमोर खूण करा आणि तिच्यावर पृष्ठांक लिहून पानात सरकवा. वीस-पंचवीस पट्ट्यांच्या वर जाऊ नका, पुस्तक फुगतं आणि खळ सुटलेली पाठ उकलते. चिकटणारे रंगीत कागद तर अजिबात नकोत. काढताना वरचा पापुद्रा घेऊनच निघतात.

पितळी_दौत

पट्ट्यांचं मान्य. ग्रंथालयाच्या प्रतीचा मुद्दा तर बिनतोड.

काजळरेघ

जी. ए. क्रमाने वाचा असं सगळे सांगतात. पुनर्वाचनाला मी उलट सांगेन.

क्रम आधी लिहिते म्हणजे पुढचं कळेल: ‘निळासावळा’ १९५९, ‘पारवा’ १९६०, ‘हिरवे रावे’ १९६२, ‘रक्तचंदन’ १९६६, ‘काजळमाया’ १९७२, मग १९७५ साली ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’, १९७७ साली ‘पिंगळावेळ’. बाकीचं त्यांच्या निधनानंतर, म्हणजे १९८७ नंतर, संग्रहित झालं.

नेहमीचा अनुभव असा, की लोक ‘काजळमाया’पासून पुढचं पुन्हापुन्हा वाचतात आणि पहिले चार संग्रह ‘सुरुवातीचे’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे जी. ए. म्हणजे वाळवंट, प्रवासी, विदूषक आणि नियती, असा एक ठोकळा तयार होतो. तो मोडायचा तर पुनर्वाचन ‘पिंगळावेळ’पासून करा. त्या एकाच पुस्तकात ‘ऑर्फियस’ आणि ‘यात्रिक’ आहेत, आणि ‘कैरी’ही आहे. ‘कैरी’तलं घर, माणसं, बोलणं हे सगळं पहिल्या संग्रहांच्या मुलखातलं. म्हणजे लेखक वास्तवातून रूपकाकडे गेला आणि मागे फिरलाच नाही, ही समजूत तिथेच निकालात निघते. ‘कैरी’ संपली की सरळ ‘पारवा’ किंवा ‘हिरवे रावे’ उघडा. धारवाड-बेळगावकडचा तो सगळा कानडी वळणाचा मराठी परिसर आता वेगळाच दिसतो: गल्ल्या, बिऱ्हाडं, नोकरीत पिचलेले पुरुष, एका वाक्यात माणूस कापून काढणाऱ्या बायका. मग ‘काजळमाया’, आणि ‘रमलखुणा’ सगळ्यात शेवटी. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत. त्यांना सलग वेळ हवा, प्रत्येकीला एक रिकामी दुपार.

मात्रा: एका बैठकीला एक कथा. तीन सलग वाचल्या की तिसरीतला मृत्यू बोथट होतो. तो दोष कथेचा नाही. आणि कथा संपली की लगेच तिचं पहिलं पान पुन्हा वाचा. शेवटाला लागणारी वस्तू, रंग, एखादा प्राणी त्या पानावर बहुधा आधीच ठेवलेला असतो. पहिल्या वाचनात तो वर्णन म्हणून निघून जातो. एक सावधगिरी: उपमा. जी. एं.च्या उपमा सुट्या काढून वहीत उतरवायचा मोह होतो. सुट्या काढल्या की त्या भरजरी आणि थोड्या हास्यास्पदही दिसतात. उतरवायचाच असेल तर मागचापुढचा परिच्छेदही उतरवा.

पत्रांचे खंडही आहेत. पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. कथा वाचताना मधेमधे पत्रं वाचू नयेत. पत्रांतला गमत्या, तिरकस माणूस कथांच्या आड येतो.

अवांतर_वाचक

‘पिंगळावेळ’पासून, हे डोक्यात आलं नव्हतं. ‘युगान्त’बद्दल कुणी?

नैमिषारण्य

‘युगान्त’ आलं १९६७ साली आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. महत्त्वाचं म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ला, भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, पुरी झाली होती. ते काम १९१९पासून चालू होतं, पुढे संपादक सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली. इरावतीबाईंचं विवेचन या आवृत्तीवर उभं आहे.

म्हणून शेजारी कोणतं महाभारत ठेवायचं याचं उत्तर: जुनी मराठी भाषांतरं ठेवलीत तर पदोपदी अडेल. ती बहुतेक नीलकंठ या जुन्या टीकाकाराच्या टीकेसह चालत आलेल्या पाठावरून केलेली आहेत. त्या पाठात असलेली बरीच लाडकी प्रकरणं चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाहीत. गणपती लेखनिक होतो ती कथा नाही. स्वयंवरात द्रौपदी ‘सूताला वरणार नाही’ म्हणून कर्णाला उठवते, तेही नाही. हे श्लोक फेकून दिलेले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवलेले आहेत. पण ‘बाईंनी अमुक प्रसंग कसा काय सोडला’ अशी तक्रार करण्याआधी एवढं तपासावं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्या खऱ्या असतात, आणि त्यांच्यावर भांडण्यातच पुनर्वाचनाची गंमत आहे. कृष्णाच्या प्रकरणाशी तर भांडावंच.

दोन आवृत्त्यांत अध्यायांचे क्रमांक जुळत नाहीत, त्यामुळे क्रमांकाने शोधू नका. पर्व आणि प्रसंग धरून शोधा: सभापर्व, द्यूत, असं. आणि ‘युगान्त’ ओळीने वाचायची गरज नाही. एक लेख घ्या, गांधारीचा म्हणा, तेवढ्याला लागणारा मूळ भाग वाचा, मग लेख पुन्हा. ‘परधर्मो भयावहः’ हा द्रोण-अश्वत्थाम्यावरचा लेख या पद्धतीला सगळ्यात जास्त फळतो. बाकी लेखांच्या गर्दीत तो लोकांच्या लक्षातही राहत नाही.

बोरूबहाद्दर

‘ऋतुचक्र’ एका बसणीत वाचणं म्हणजे वर्षभराची फळं एका दिवशी खाणं. १९५६चं पुस्तक, बारा महिन्यांचे लेख, सुरुवात चैत्रापासून. ज्या महिन्यात आहात तो लेख काढा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटी एकदा वाचा. अधिक महिना आला तर त्या लेखाला दोन महिने मिळाले समजा. झाडांच्या वेळा तुमच्या गावाशी जुळतीलच असं नाही, समासात (बरं, पट्टीवर) आपल्याकडची तारीख टाका. तीन-चार वर्षांच्या तारखा एका पट्टीवर जमल्या की पुस्तकाइतकीच ती पट्टी वाचनीय होते.

यादीत नसलेलं एक सुचवतो: उद्धव शेळक्यांची कादंबरी ‘धग’, १९६०. पहिल्यांदा अर्ध्यावर सोडलेल्यांची संख्या मोठी असावी, आणि कारण वऱ्हाडी. संवाद मोठ्याने वाचा. अडलात की दोन चाव्या लावून बघा: जिथे ‘य’ खटकतो तिथे ‘ळ’ ठेवा (डोया म्हणजे डोळा, काया म्हणजे काळा), आणि ‘न’च्या जागी ‘ण’ (पानी, लोनी). बरेचसे शब्द एवढ्यावर सुटतात. नायिका कौतिकचं बोलणं एकदा कानात बसलं की निवेदनातली प्रमाण मराठी आणि तिची भाषा यांतलं अंतर शेळक्यांनी किती मोजून ठेवलंय ते कळतं.

अवांतर_वाचक

‘माझा प्रवास’ला परत येतो. जुने शब्द अडतात, आणि मोल्सवर्थचा कोश संगणकावर शोधला तर अर्धे शब्द ‘सापडत नाही’ म्हणतो. काय चुकतंय?

पितळी_दौत

शुद्धलेखन. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे भटजी घरातून निघाले त्याच वर्षीची. आपण टंकतो १९६२च्या नियमांनंतरचं. नाव, काही, केळं असं शोधलंत तर मिळणार नाही. नांव, कांहीं, केळें असं टाका. नपुंसकलिंगी नामाच्या शेवटी ‘ं’ आपण बोलतो तसा न देता ‘ें’ द्यायचा, हा एक नियम लक्षात ठेवला तरी बरंच काम होतं. तरीही नाही मिळालं तर शब्दाची पहिली दोन अक्षरंच टाका आणि यादी चाळा.

मोल्सवर्थ इंग्रजीत अर्थ देतो. मराठीतून अर्थ आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणं हवी असतील तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा, तोही संगणकावर आहे आणि त्यालाही हेच जुनं लेखन लागतं. फारसी वळणाचे दफ्तरी शब्द दोन्हींत मिळतात.

आणि जुन्या छपाईतले अनुस्वार वाचताना गाळू नका. ‘मी’ आणि ‘मीं’ वेगळे आहेत: दुसऱ्याचा अर्थ ‘माझ्याकडून’, तृतीया. ‘घरीं’ म्हणजे घरात, सप्तमी. लांब वाक्यात कोण करतो आणि कुणाला होतं हे त्या टिंबावरून सुटतं. अनुस्वार गाळून नव्या लेखनात छापलेली प्रत असेल तर ही सोय गेली. अशा वाक्यात क्रियापद आधी शोधा आणि तिथून मागे या.