मुठेकाठची पायवाट कशी असावी?

प्रश्न : पुण्यात नदीकाठी सलग पायवाट व्हावी, असे मनापासून वाटते, मात्र खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर ती टिकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, काँक्रीटची भिंत उभारण्यापेक्षा मोकळ्या सांध्यांच्या दगडी फरशीची अरुंद वाट करावी आणि काठ धरून ठेवणारे वाळुंज, करंज, उंबर राखावेत. पूर ओसरल्यावर गाळ काढण्याची तरतूदही आधीच हवी.

दुसरे उत्तर : सहमत आहे. येरवड्याजवळील डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याच्या काठाने हिवाळ्यात सकाळी सावकाश चालून पाहावे. तिथे रात्रीचे दिवे नकोतच.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. दुर्गंधीचे काय?

दुसरे उत्तर : नाल्यांचे सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय तिथे कोणी रमणार नाही, म्हणून तो खर्च सर्वांत आधी व्हावा.