अनुभव धागा: पुराच्या बोटीचा ट्रेलर ओढायला जुनी एसयूव्ही घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरानंतर गावच्या मंडळानं वर्गणी काढून फायबरची बोट घेतली. बोट, मागचं इंजिन, लाइफ जॅकेट, पेट्रोलचे कॅन आणि लोखंडी ट्रेलर मिळून वजनकाट्यावर साधारण साडेसातशे किलो भरतात.

आजवर हे सगळं ट्रॅक्टरनं ओढलं. पण आयर्विनला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका. या मधल्या पाच फुटांत गावातला एकूण एक ट्रॅक्टर जनावरं, वैरण आणि लोकांचं सामान वर काढण्यात गुंतलेला असतो. तो सोडवून बोटीला जुंपायचा म्हणजे कुणाची तरी म्हैस मागं ठेवायची. शिरोळकडून किंवा पलूसकडून हाक आली तर ट्रॅक्टरनं पोचेपर्यंत अंधार पडतो.

म्हणून जुनी एसयूव्ही घ्यायचं मनात आहे. बजेट साडेतीन-चार लाख. तीन गाड्या नजरेत आहेत: कराडची २०११ ची स्कॉर्पिओ, एमहॉक इंजिनाची, फोर बाय फोर; पुण्याची २००९ ची सफारी, २.२ डायकोर इंजिनाची, तीही फोर बाय फोर; आणि गावातल्याच डॉक्टरांची २०१३ ची बोलेरो, टू व्हील ड्राइव्ह. ज्यांनी गाडीमागं काहीही ओढलंय, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. घ्यायचीच नाही असं मत असेल तर तेही लिहा.

कराड, गॅरेज

दादा, ताकदीचा प्रश्न शेवटी ठेवा. एमहॉकला २९० न्यूटन मीटर टॉर्क, डायकोरला ३२०. साडेसातशे किलो दोघींनाही जड नाहीत. नवीन असताना. तुम्ही घेताय ती गाडी पंधरा वर्षं कुणी कशी चालवली, हे कंपनीच्या कागदावर नसतं, म्हणून ते गाडीवरच वाचायचं.

मालकाला आधी सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचललं पाहिजे. मग चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडून भोकावर नुसतं उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालतंय. उडून पडायला लागलं आणि भकाभक धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरातला दाब खाली गळतोय, इंजिन कामाला आलंय. अशी गाडी मोकळी चालेल, पण ट्रेलर लावून घाटात नेली की पंधरवड्यात हात वर करेल.

क्लचसाठी सपाट जागा बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन तिथल्या तिथं बंद पडलं पाहिजे. घरघरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ओढणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी क्लच जातो, आणि प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी असं सगळं एकदमच निघतं. तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

फोर बाय फोर मातीत नेऊन तपासा. या दोन्ही गाड्या नेहमी मागच्या चाकांवर चालतात. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळवली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरवर ताण येतो. नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून समाधान मानू नका. बऱ्याच मालकांनी तो नॉब कधी फिरवलेलाच नसतो, मग फोर व्हील लावणारी शिफ्ट मोटर जाम होते. ओल्या रानात लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाका आणि एकाला खाली वाकून पुढची चाकं खरोखर ओढतायत का ते बघायला लावा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं म्हणजे चेसिस. गाडी लिफ्टवर घ्या आणि मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिसचा आडवा बीम, टॉर्चनं बघा. बोल्टांची भोकं लांबट झालेली, वेल्डिंगचे थर, फक्त तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग, यातलं काही दिसलं तर या गाडीनं आधी बेहिशेब ओढलेलं आहे. इंजिन बदलता येतं. वाकलेल्या चेसिसच्या मागं लागू नका.

तासगाव तालुका, द्राक्षबागायतदार

बोलेरोबद्दल लिहितो. माझ्याकडं जुनी बोलेरो आहे, मागं पाट्यांचं सस्पेन्शन असलेली. हंगामात क्रेट आणि बेदाण्याच्या पेट्या दोन चाकी ट्रेलरनं नेतो. हुकावर वजन आलं तरी पाटे बसत नाहीत. स्प्रिंगच्या गाड्या मागून खाली बसतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. इंजिन साधं आहे, सुटे भाग तालुक्यात मिळतात. डांबरी रस्त्यावर मला दुसरी गाडी नको.

पण तुमचं काम डांबरावर संपत नाही. आमच्या काळ्या रानात एक वळीव पडला की टू व्हील गाडी ट्रेलरसकट जागच्या जागी फिरते, आणि नदीकाठचा गाळ तर त्याहून निसरडा. डॉक्टरांची गाडी कितीही चांगली ठेवलेली असली तरी बोटीसाठी घेऊ नका.

तापोळा, बोट व्यवसाय

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आमचं सगळं आयुष्य बोट पाण्यात घालणं आणि काढणं. कोयनेचं पाणी उन्हाळ्यात खूप मागं हटतं, मग कातळ, मुरूम, गाळ असं सगळं ओलांडून बोट ओढावी लागते. तिथं शिकलेलं सांगतो.

पाण्यात बोट घालताना गाडीला काही वाटत नाही, कस लागतो तो काढताना. बोटीत पाणी साचलेलं असतं, ट्रेलरची चाकं गाळात रुतलेली, आणि गाडीची मागची चाकं नेमकी ओल्या उतारावर. तिथं फोर व्हील लो लागतो. क्लच अर्धा दाबून, रेस वाढवून गाडी उचलायला गेलात तर जळका वास येतोच. लो रेंजमध्ये पहिला टाकला की पाय जवळजवळ न लावता गाडी सरकते. क्लच वाचतो आणि दोरीजवळ उभ्या माणसाला अंदाजही राहतो.

काठ फारच खराब असेल तर गाडी खाली न्यायचीच नाही. गाडी वर पक्क्या जागेवर ठेवायची, ट्रेलर सोडायचा आणि जाड लांब दोरानं ओढून घ्यायचा. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही. तुटलेला दोर हाड मोडतो.

दुसरं, ट्रेलरचे बेअरिंग. लांबून ओढत आणल्यावर हब (चाकांचे मधले भाग, ज्यात बेअरिंग असतात) तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ग्रीस धुऊन जातं आणि महिन्याभरात बेअरिंग किरकिरायला लागतं. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. पुरात थांबायला वेळ नसतो हे मान्य, पण मग पूर ओसरल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरलंच पाहिजे. आणि ट्रेलर पाण्यात घालण्याआधी दिव्यांचा प्लग काढा, गरम बल्ब पाण्यात गेले की फुटतात.

शिराळा

आमच्याकडं बोट ट्रॅक्टरलाच जुंपतात आणि भागतंय. चार लाखांत मंडळाला जुना ट्रॅक्टर येईल, तो बोटीसाठी राखून ठेवा. एरवी नांगरटीला भाड्यानं द्या.

सांगली, गावभाग

मी विम्याच्या सर्व्हेचं काम करते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या हातांखालून गेल्या. त्यातल्या पुष्कळ धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात आल्या, आणि त्या सांगलीतच विकल्या गेल्या असं नाही. त्यामुळे पुणे पासिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळलेल्या टोकाला मात्र पाण्याची आडवी रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा बारीक गाळ, स्पेअर व्हीलच्या खाचेतली माती, डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडांवरची हिरवट बुरशी, हे सगळं बघा. गाडीत अत्तराचा भपकारा आला तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. अत्तराखालचा कुबट वास येतोच.

आणि जुन्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, चढत चढत अचानक शून्यावर आला असेल तर बहुधा आदल्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पॉलिसी दाखवत नसतील तर उठून या.

शिराळ्याच्या दादांचं म्हणणं शांत दिवसांत बरोबर आहे. पण २०१९ ला आम्ही माडीवर बसून बोटीची वाट बघितलीय. कुठून कधी येईल याचा भरवसा नव्हता. जे वाहन लवकर पोचेल ते घ्या.

वाई तालुका, मधपाळ

मधाच्या पेट्या रात्री हलवतो आम्ही, कधी माणदेशात, कधी डोंगरावर. माझ्या ट्रेलरचं वजन तुमच्याहून कमीच आहे, पण पसरणी घाट रोजचा. वाई आणि पाचगणीच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे. चढताना जुनी गाडी फार तर तापेल, थांबता येतं. उतरताना मागचं वजन गाडीला सतत ढकलत असतं आणि नुसत्या ब्रेकवर आलात तर लायनर तापून पाय पोकळ जायला लागतो. ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा, इंजिनला गाडी धरून ठेवू द्या.

दादा, तुमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? तुम्ही ते लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, आणि तुमचं वजन नेमकं तिथंच येतंय. दांडीवर चालणारे ब्रेक बसवता येतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, जोडाची दांडी आत दबते आणि तीच ट्रेलरचे ब्रेक ओढते. गाडीतून वायर किंवा नळी न्यावी लागत नाही. फक्त मागं घेताना ते लागू नयेत म्हणून खुंटी असते, ती कशी लावायची हे सगळ्या ड्रायव्हरांना दाखवून ठेवा. गाडी कुठलीही घ्या ताई-दादांनो, पण हा खर्च आधी. मागं माणसं चालत असतात.

सातारा तालुका, निवृत्त एमटी ड्रायव्हर

फौजेत जोंगा नावाच्या जीपमागं ट्रेलर लावून बरीच वर्षं काढली. गाडीबद्दल वरच्यांनी सांगितलंय. मी वजन कुठं ठेवायचं ते सांगतो.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वजन हुकावर आलं पाहिजे. तुमच्या बाबतीत सत्तर-पंचाहत्तर किलो. बोटीचं इंजिन सगळ्यात मागं, पेट्रोलचे कॅनही सोयीसाठी मागंच ठेवलेले असणार. म्हणजे नाक हलकं. ट्रॅक्टरच्या वेगात हे कळत नाही. साठाच्या वेगाला, मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर डावी-उजवीकडं डुलायला लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगनं झुंजायचं नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं.

ट्रेलरचं नाक धान्याच्या काट्यावर ठेवून मोजा. कमी भरलं तर बोट पुढं सरकवून बांधा, कॅन पुढं घ्या. रिव्हर्स घ्यायला गावच्या मैदानात शिका, पुरात शिकायला वेळ नाही. स्टिअरिंगचा खालचा भाग धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो.

सातारा, आरटीओची कामं करतो

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी आणि विमा करून घ्या, अपघात झाला तर सेवाभाव कुणी विचारत नाही. २००९ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२४ मध्येच भरली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का ते आरसीवर बघा. २०११ ची २०२६ मध्ये भरते. केंद्राची नूतनीकरण फी २०२२ मध्ये कारसाठी ५ हजार झाली, कर आणि फिटनेसची डागडुजी वेगळी. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद असल्याशिवाय इसार देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच चढवा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही बघा.

मिरज तालुका (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. मधपाळताई, ट्रेलरला ब्रेक नाहीत. मंडळाच्या बैठकीत तुमचा मजकूर वाचून दाखवला आणि गाडीच्या आधी ब्रेकचे पैसे बाजूला काढायचं ठरलं. फौजी काका, नाक काट्यावर ठेवलं तर तीस किलो भरलं. बोट पुढं सरकवली, कॅन पुढं घेतले, आता सत्तरच्या जवळ आहे.

पुण्याचे मालक जुन्या पॉलिसी दाखवायला तयार नाहीत, ती गाडी सोडली. शिराळ्याचे दादा, ट्रॅक्टरवर बैठकीत बरीच चर्चा झाली. पण शिरोळपर्यंत जायचं तर वेग लागतो, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कराडची स्कॉर्पिओ थंड इंजिनात बघितली. झाकण स्थिर, क्लचला इंजिन लगेच बंद पडलं, ओल्या उसाच्या रानात चारही चाकं ओढत होती. मागं कधी हुक लागलेला नाही. टायर मात्र २०१७ चे आहेत, ते बदलण्याच्या बोलीवर भाव चाललाय. हुक कसा बनवून घ्यावा?

कराड, गॅरेज

बंपरला अजिबात नको. चेसिसच्या दोन्ही लांब बीमना धरणारी आडवी पट्टी करा. शक्यतो चेसिसवर वेल्डिंग न करता बोल्टनं बसवा. बोल्ट हाय टेन्साइल, ८.८ ग्रेड किंवा त्यावरचे, लॉक नटसकट. दोन साखळ्या हुकाखालून फुलीत बांधा, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचं नाक रस्त्यात न घुसता साखळ्यांवर टेकेल. बोट न लादता ट्रेलर सांगलीला नेऊन आणा आणि परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते थोडे बसतातच.