मालवणात टिकेल असा एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि स्पीकर जोडायचा डबा) कोणता?

घर समुद्रापासून ३०० मीटरवर. आधीचा रिसीव्हर ४ वर्षांत गेला, आवाज होता पण एचडीएमआयला चित्रच येईना, मेकॅनिक म्हणाला बोर्ड गंजलाय. आता ५.१ (५ स्पीकर, १ सबवूफर) साठी नवीन घ्यायचाय, १० वर्षं तरी चालावा. ७.२, ९.२ घेऊन काय फायदा आहे का?

आंबेवाला: ५ स्पीकरच लावणार तर ९.२ कशाला, पैसे फुकट. ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरला आणायची सोय) आणि प्री-आउट (बाहेरचा अँप जोडायची सॉकेट) मात्र बघून घे. प्री-आउट असले की उद्या आतला अँप (स्पीकरना ताकद देणारा भाग) गेला तरी बाहेरून पॉवर अँप जोडून गाडी चालते. आणि तो काचेच्या शोकेसमधे कोंबू नकोस रे, आतले कपॅसिटर उष्णतेनेच मरतात, १० डिग्री वाढली की आयुष्य साधारण निम्मं. वर वीतभर जागा मोकळी सोड, आणि आईला सांग वर फुलदाणी ठेवायची नाही (आमच्याकडे हेच झालं).

खारा वारा: पावसाळ्यात ४ महिने झाकून ठेवतात ना लोक, तिथेच घात होतो, ओल आत धरते. आठवड्यातून दोनदा तासभर लाव, गरम झाला की दमटपणा निघून जातो.

वायरमन: अर्थिंग तपासलं का आधी? मे आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि डिशची, लॅनची (इंटरनेटची) वायर पण, वीज तिथूनपण शिरते.

प्रश्नकर्ता: डिशची वायर कधीच काढली नाही 😅 उद्याच वायरमनला बोलावतो.