अनुभव धागा : घरातली ज्येष्ठ मंडळी पडू नयेत म्हणून तुम्ही कोणते व्यायाम केलेत? (बडोदा)

दांडिया बाजारची लेक

गेल्या पावसाळ्यात माझी आई (वय ७८) झोपाळ्यावरून उठताना पडली. आपल्याकडे बडोद्यात घरोघरी झोपाळा, त्यामुळे काय झालं असेल ते डोळ्यांसमोर येईलच. झोपाळा पुरता थांबला नव्हता. एक पाय फरशीला टेकला, दुसरा अधांतरी, आणि हातातली पितळी कडी सुटली. खुबा वाचला, मनगट मोडलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, भीती मात्र राहिली. आणि ती आम्ही वाढवली. पाणी हवंय? बस गं, मी आणते. देवापुढे दिवा लावायचाय? तू नको उठूस. असं करत तीन महिन्यांत आईला हाताचा जोर लावल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. मोडलं होतं मनगट, गेले पाय.

फिजिओताईंनी पहिल्या दिवशी तिला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. हात छातीशी घ्यायचे आणि ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा उठून बसायचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला दहा वेळा तरी जमायला हवं म्हणाल्या. आईचा आकडा शून्य. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग आम्ही खुर्चीवर जुन्या गोधडीच्या चार घड्या ठेवल्या. बैठक उंच झाली की उठणं सोपं जातं. दर पंधरा दिवसांनी एक घडी कमी. चौथी घडी निघाली तेव्हा आई आकड्यावर नऊपर्यंत आली होती. बाकीचे व्यायाम स्वयंपाकघरात, ओट्याला धरून : टाचा उचलणं, चवडे उचलणं, पाय बाजूला नेणं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं. रामरक्षा म्हणता म्हणता करते, त्यामुळे वेळ बघावी लागत नाही.

तुमच्याकडे काय केलंत, काय जमलं नाही, तेही लिहा. मला दोन्ही हवंय.

रावपुरा, फिजिओथेरपिस्ट

गोधडीची युक्ती मी आता माझ्या पेशंटांना सांगणार. थोडी भर घालते.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण सांगतात, "मी रोज चालतो की." चालणं चांगलंच आहे, हृदयाला, साखरेला. पण तोल जाताना सावरायची ताकद वेगळी, ती नुसत्या चालण्याने येईलच असं नाही. २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात २३ हजारांहून जास्त माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि त्यात तोलाचे आणि उठ-बस, वळणं, पायरी चढणं असे रोजच्या हालचालींचे व्यायाम भक्कम ठरले. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरगुती व्यायामक्रमही याच धर्तीचा आहे : घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास, जोडीला चालणं. पासष्टीनंतर आठवड्यातले निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. व्यायाम थोडा कठीण वाटलाच पाहिजे. ओट्यावर दोन्ही तळवे टेकून वर्षभर तेच केलं तर तोल सुधारत नाही. आधी दोन तळवे, मग एक, मग दोन बोटं, मग हात ओट्याच्या वर नुसते तयार. शेजारी माणूस हवा, पायात घसरणारे मोजे नकोत. चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कमाटीबागेतला रोजचा, वय ७६

वरचं "मी रोज चालतो की" वाचून थबकलो, कारण तो मी आहे.

माझं लहानपण जुम्मादादा व्यायाममंदिरात गेलं, बडोदेकर ज्याला माणिकरावांचा आखाडा म्हणतात तो. लाठी, लेझीम, मल्लखांब, सगळं केलं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास चालणं, पावसाळा सोडला तर खाडा नाही. त्यामुळे पडणं हे इतरांच्या घरचं दुखणं, असं मी धरून चाललो होतो.

मागून कोणी हाक मारली म्हणून चालता चालता मान वळवली आणि पाय पायात अडकला. गुडघा फुटला, चष्मा गेला. नंतर नातीने घरी पावलापुढे पाऊल लावून उभं केलं तर दहा सेकंदसुद्धा टिकेना. सातव्या सेकंदाला भिंत धरली. पन्नास वर्षांपूर्वी मल्लखांबावर उलटा टिकणारा माणूस मी. शरीर जुनी कमाई फार काळ सांभाळून ठेवत नाही, ती रोज नव्याने करावी लागते.

आता चालणं अर्धा तास, उरलेली पंधरा मिनिटं बागेच्या बाकापाशी. बाकावरून हात न लावता उठणं, बाकाला धरून आडवं चालणं, मागे चालणं, आणि मुद्दाम मान डावी-उजवीकडे वळवत सरळ रेषेत चालणं. शेवटचं सर्वांत अवघड, आणि पडलोही तसाच होतो, म्हणून ते सोडत नाही. आमच्यातले चौघे आता सोबत करतात.

मांजलपूर

आमच्या बाबांच्या बाबतीत व्यायाम नंतर आला, आधी गोळ्या. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा पडले, तिन्ही वेळा पहाटे बाथरूमला जाताना. नव्या डॉक्टरांनी झोपलेले असताना रक्तदाब मोजला आणि उभं करून पुन्हा मोजला. वरचा आकडा २८ ने खाली आला होता. २० किंवा जास्त उतरला तर लक्ष द्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. झोपेची गोळी हळूहळू बंद केली, रक्तदाबाची बदलून दिली. आता बाबा उठण्याआधी पलंगावर बसून पावलं वीसदा वर-खाली करतात, मग उभे राहतात, मग पलंग धरून क्षणभर थांबतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे एकदा जाच.

हरणी रोड

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं, ओसरल्यावर फरशीवर चिखलाचा बारीक थर. सासूबाई त्यावर घसरल्या. व्यायाम सुरू आहेच, पण कमोडशेजारी आणि मोरीत भिंतीला दांडे बसवले, पायपुसणी काढली, रात्रीचा छोटा दिवा लावला. एका दिवसाचं काम होतं, आधीच करायला हवं होतं.

अलकापुरी, वय ८१, एकटी

मुलगा परदेशी, मी इथे. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते : पडल्यावर उठायचं कसं, तेही शिका.

मी स्वयंपाकघरात पडले, काही मोडलं नव्हतं, तरी दीड तास जमिनीवर होते. फोन टेबलावर वाजत होता, मुलाचाच असणार. कामाच्या मावशी आल्या तेव्हा सुटका झाली. मार काहीच नाही, पण तो वाजणारा फोन अजून कानात आहे.

त्यानंतर फिजिओंनी सतरंजीवर सराव करून घेतला. आधी पडून राहायचं, श्वास घ्यायचा, दुखतंय का बघायचं. खूप दुखत असेल तर हलायचं नाही, मदत बोलवायची. नाहीतर कुशीवर वळायचं, कोपरावर येऊन दोन्ही हात-गुडघ्यांवर. रांगत भक्कम खुर्चीपर्यंत. बैठकीवर दोन्ही हात, ज्या पायात जोर आहे तो पुढे, ढुंगण उचलून वळायचं आणि बसायचं. पहिल्यांदा मला रडू आलं. आता आठवड्यातून एकदा मावशी समोर असताना करते. फोन गळ्यातल्या पिशवीत असतो. आणि खरं सांगते, उठता येतं हे कळल्यापासून मी घरात मोकळी चालते.

दांडिया बाजारची लेक

अलकापुरीच्या काकूंचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, उद्या सतरंजी घाल.

झोपाळा काढला का, असं दोघांनी विचारलं. काढला नाही, काढणारही नाही, तिची चाळीस वर्षांची जागा आहे ती. नियम एवढाच केलाय : दोन्ही तळपाय टेकून झोपाळा पूर्ण थांबवायचा, कडी धरायची, पुढे सरकायचं, तीन आकडे मोजायचे आणि मग उठायचं. तीन ती मोठ्याने मोजते, मला आतल्या खोलीत ऐकू येतं.

रावपुऱ्याच्या फिजिओताई, एक विचारते. टाचा उचलल्यावर रात्री तिच्या पोटरीत गोळा येतो. आकडा कमी करू की पाणी वाढवू?