२६/११ वरचा सिनेमा सोसायटीच्या हॉलमध्ये लावावा का? खऱ्या दुर्घटनांवरचे सिनेमे तुम्ही बघता का?

वैशाली_डोंबिवली

आमच्या सोसायटीत येत्या २६ नोव्हेंबरला हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मुंबई हल्ल्यावरचा सिनेमा दाखवायचं घाटतंय. कमिटीने दोन नावं सुचवलीत: राम गोपाल वर्मांचा २०१३ चा 'द अटॅक्स ऑफ २६/११' आणि ताजमधल्या वेढ्यावरचा 'हॉटेल मुंबई'. आपल्या शहरावर काय गुदरलं ते मुलांना कळावं, हा हेतू. हेतूबद्दल मला शंका नाही. तरी माझा विरोध आहे, आणि तो मुलांपुरता नाही. मी स्वतःही हे सिनेमे बघत नाही.

सीएसटीवर त्या रात्री ५८ माणसं गेली. बरीचशी गावाला निघालेली, सामान पायाशी ठेवून लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघत बसलेली. त्यांच्या बायका, मुलं, भाऊ आजही आपल्यातच राहतात, लोकलने ये-जा करतात. सिनेमात त्यांची माणसं पुन्हा मारली जातात. कॅमेरा कुठून लावायचा, रक्त किती दाखवायचं, किंकाळ्या कुठे थांबवून संगीत कुठे सुरू करायचं, हे आधी बसून ठरवलेलं असतं. आणि समोर आपण. मी निकाल वाचते, साक्षी वाचते, जखमींच्या मुलाखती ऐकते. तेव्हा मी कोणाच्या मरणाची प्रेक्षक नसते. सिनेमात होते, आणि ते मला नको आहे.

अजून एक आठवण करून देते. ३० नोव्हेंबर २००८, म्हणजे हल्ला संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले. बरोबर मुलगा रितेश आणि राम गोपाल वर्मा. केवढा संताप झाला होता! काही दिवसांत विलासरावांना खुर्ची सोडावी लागली, त्याला ही भेटही कारण झाली. तेव्हा आपल्याला काय खटकलं होतं? माणसं अजून स्मशानातून परत यायची होती आणि तिथे सिनेमावाला उभा होता, हेच ना? मग सव्वाचार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा त्याच विषयावरचा सिनेमा लागला, तेव्हा तो संताप कुठे गेला?

मिलिंद_सातारकर

ताई, अजिबात पटलं नाही.

मी जावळी तालुक्यातला. तुकाराम ओंबळे आमच्याच तालुक्यातल्या केडंबे गावचे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांच्या हातात लाठी होती आणि समोरच्याच्या हातात एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून खटला चालला आणि कट कुठे शिजला ते कोर्टात पुराव्यानिशी उभं राहिलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे सगळं माझ्या भाच्याला कुठून कळलं? सिनेमातून. त्यानंतर त्याने मला प्रश्न विचारले, आणि मग मी त्याला गावी घेऊन गेलो.

२००८ साली जन्मलेली पोरं आज कॉलेजात आहेत. त्यांना ही आठवण नाही, ती कोणीतरी द्यावी लागणार. तुम्ही निकाल वाचता, चांगलं आहे. शेकडो पानांचा निकाल किती जण वाचतील?

आणि मरण दाखवणं, गाणं आपल्याला नवीन आहे का? सिंहगडावर तानाजी पडतो तेव्हा शाहीर थांबतो का? घोडखिंडीत बाजीप्रभू कसे पडले ते अंगावर काटा येईपर्यंत सांगितलं जातं, आणि सांगितलं गेलं म्हणूनच ते आज आपल्याला माहीत आहे.

वैशाली_डोंबिवली

मिलिंदराव, ओंबळेंचा पोवाडा झाला तर मी पहिली ऐकायला बसेन. पण तानाजी, बाजी, ओंबळे लढायला उभे राहिले होते. गाडीची वाट बघणाऱ्याने काही पत्करलं नव्हतं. त्याच्या मरणात पराक्रम नाही, नुसतं मरण आहे. आणि वर्मांच्या सिनेमात हाही प्रसंग आहे. पोवाड्याचा दाखला तिथे लागू होत नाही.

फोर्टमधला_नोकरदार

रोज सीएसटीला उतरतो, म्हणून थोडं.

'हॉटेल मुंबई' मी पाहिलाय. ताजच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही, हे त्यात चांगलं आलंय आणि ते खरंही आहे. पण २६/११ म्हटलं की कॅमेरा ताजच्या घुमटाकडे वळतो. सीएसटीवरची माणसं गर्दी म्हणून येतात आणि पडतात, त्यांना नाव नाही, घर नाही. त्या रात्री उद्घोषणा करणारे विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून गोळीबार बघत होते आणि स्टेशनात शिरणाऱ्या लोकांना माइकवरून मागच्या बाजूने बाहेर जायला सांगत होते. जीव वाचला तो त्या आवाजाने, किती जणांचा ते मोजता यायचं नाही. मी असा सिनेमा बघेन ज्यात तो माणूस मध्यभागी आहे आणि गोळीबार फक्त त्याच्या काचेतून दिसतोय.

म्हणजे वैशालीताई, मी बघण्याच्या विरोधात नाही. कोणाकडे बघायला लावताय, यावर माझं बघणं ठरतं. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, तेव्हा हाच 'हॉटेल मुंबई' तिथे थिएटरात चालू होता. वितरकांनी तो काढून घेतला. जखम ताजी असताना असं काही बघवत नाही हे धंदेवाल्यांनाही कळतं. आमच्या जखमेला मुदत किती धरायची, एवढाच प्रश्न आहे.

वकीलीण_नाशिक

माझा मुद्दा वेगळा आहे. सिनेमा खरा आहे की नाही, हे कोण ठरवणार?

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यावरचा अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार होता. आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि टाडा कोर्टाचा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष कोर्टाचा, निकाल लागेपर्यंत प्रदर्शन थांबलं. सिनेमा लागला फेब्रुवारी २००७ मध्ये. तेव्हा अनेकांना ती मुस्कटदाबी वाटली. मला आजही ते योग्य वाटतं.

का, ते ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांवरून बघा. पश्चिम रेल्वेवर सात स्फोट, १८० हून अधिक मृत्यू. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय. आता कल्पना करा, मधल्या काळात कोणी त्या बारा जणांना बॉम्ब बांधताना दाखवणारा सिनेमा काढला असता. प्रेक्षकाच्या डोक्यातलं ते चित्र कुठल्या निकालाने पुसलं गेलं असतं? साक्षीदाराची उलटतपासणी होते, पडद्यावरच्या दृश्याची होत नाही. म्हणून खटला चालू असताना आलेला कुठलाही 'सत्यघटनेवर आधारित' सिनेमा मी बघत नाही.

पण वैशालीताई, 'बघणं' हेच मुळात वाईट असं तुमच्या लिखाणातून वाटतं, त्याला माझा आक्षेप आहे. सीएसटीवर छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा जीव धोक्यात घालून कसाबच्या मागावर राहिले. तो पाठीला सॅक, हातात बंदूक असलेला फोटो खटल्यात पुरावा ठरला. ते स्वतः साक्षीला उभे राहिले. कोणीतरी डोळे उघडे ठेवले म्हणून न्याय झाला.

(जाता जाता: ओटीटीचं घरगुती सबस्क्रिप्शन हॉलमध्ये जाहीर दाखवण्यासाठी नसतं. कमिटीला हक्कदाराची परवानगी घ्यायला सांगा.)

निवृत्त_सिस्टर

मी त्या रात्री एका सरकारी रुग्णालयात ड्यूटीवर होते. वर्मांचा सिनेमा पाहिलेला नाही, पाहणार नाही. इतरांनी पाहू नये असं मात्र मी म्हणत नाही.

सिनेमात हॉस्पिटल म्हणजे स्ट्रेचर, धावपळ, डॉक्टर ओरडतायत. तसं होतंच. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलीय ती भिंतीवर चिकटवलेली यादी. कोणीतरी घाईत हाताने लिहिलेली, काही नावं अर्धवट, काही ठिकाणी नुसतं 'अनोळखी पुरुष, अंदाजे ३५'. नातेवाईक त्या कागदावर बोट ठेवून वरपासून खाली यायचे. खालपर्यंत पोचले की पुन्हा वर. आडनाव वेगळं लिहिलं गेलंय का, ते बघायला. एक बाई मला म्हणाली, "सिस्टर, मला वाचता येत नाही, तुम्ही सावकाश वाचा." मी पूर्ण यादी दोनदा वाचली. तिचा माणूस त्यात नव्हता, आणि ते चांगलं की वाईट हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

त्यानंतरचे महिने तर कोणी दाखवतच नाही. छऱ्यांच्या जखमा चिघळतात. पाय वाचवायला पुन्हा पुन्हा ऑपरेशन. भरपाईसाठी दाखला लागतो, दाखल्यावर सही लागते, सहीचे साहेब रजेवर. बंदूक चालली काही मिनिटं, हे चाललं वर्षानुवर्षं.

म्हणून मला निशिकांत कामतांचा 'मुंबई मेरी जान' जवळचा वाटतो. तो २००६ च्या लोकल स्फोटांवरचा, २६/११ च्या तीनच महिने आधी लागलेला. त्यात स्फोट होऊन गेल्यावर माणसं कशी जगतात ते आहे. एका टीव्ही पत्रकार मुलीचा होणारा नवरा स्फोटात जातो आणि तिचंच चॅनेल तिच्या रडण्याचा कार्यक्रम करायला निघतं. ज्यांना हा प्रश्न पडलाय त्यांनी तेवढा भाग तरी बघावा.

ओंकार_पिंपरी

सिस्टर, तुमचं लिहिणं वाचून थांबलो थोडा वेळ.

तरी वैशालीताईंच्या मूळ भूमिकेला उत्तर द्यायचंच आहे. 'घरच्यांना त्रास होईल' हे आपण घरच्यांच्या वतीने गृहीत धरतो. दिल्लीच्या उपहार थिएटरला १३ जून १९९७ रोजी आग लागली, ५९ माणसं गेली. नीलम आणि शेखर कृष्णमूर्तींची दोन्ही मुलं त्यात गेली. त्यांनी इतर कुटुंबांना एकत्र केलं, पंचवीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, स्वतः पुस्तक लिहिलं. त्यावरची 'ट्रायल बाय फायर' ही मालिका २०२३ च्या जानेवारीत आली. ती थांबवा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात कोण गेलं? दोषी ठरलेले थिएटरमालक सुशील अन्सल. कोर्टाने नकार दिला.

आई-बाप म्हणतायत बघा, दोषी म्हणतोय बघू नका. अशा वेळी तुमचं न बघणं कोणाच्या पथ्यावर पडतं? दुर्घटना विसरली जावी असं वाटणाऱ्यांत बिल्डर असतात, कंपन्या असतात, सरकारंही असतात. मी अशा कलाकृती मुद्दाम बघतो, मन घट्ट करून बघतो.

वैशाली_डोंबिवली

ओंकार, हे उत्तर बिनतोड आहे. ज्यांचं दुःख त्यांनीच सांगायला घेतलं असेल तर ऐकणारा हवा, आणि मी ती मालिका बघेन. वकीलताई, तो फोटो मीही पाहिलाय. तो काढणाऱ्याने कोणाचं मरण रंगवलं नाही, मारणाऱ्याचा चेहरा पकडला. त्या बघण्याला माझा विरोध कधीच नव्हता.

पण तीच रात्र टीव्हीवर थेट दाखवली गेली, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाबच्या निकालात चॅनेलांना काय सुनावलं तेही लक्षात घ्या. कमांडो कुठे उतरतायत ते पलीकडे पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना आपल्या पडद्यावरून दिसत होतं. आम्हीही बघत होतो, रात्रभर, नजर न हटवता. देशाला माहिती मिळावी असंच तेव्हाही सांगितलं जात होतं. दाखवणाऱ्याच्या चांगल्या हेतूवर मी विसंबत नाही ती त्यामुळे.

रविवारी मीटिंग आहे. मी मोठ्यांसाठी 'मुंबई मेरी जान' सुचवणार, रीतसर परवानगी काढून. वर्मांचा लावायचं ठरलं तर मी हॉलमध्ये येणार नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला जायचं असेल तर अडवणार नाही.

मिलिंद_सातारकर

'मुंबई मेरी जान' लावा, उत्तम आहे. पण नंतरच्या दिवसांवर पोरांचं भागणार नाही. ती विचारणार: कोण आले होते, कुठून आले, त्यांना अडवलं कोणी? त्याचं उत्तर त्या रात्रीत आहे आणि ती रात्र टाळून देता येत नाही.

मुलाला अडवणार नाही म्हणालात, त्यावर तर मला जास्तच बोलायचंय. तो पोरांच्या घोळक्यात बसून सीएसटीचा गोळीबार बघणार. कोणी हसेल, कोणी शिट्टी मारेल, वयच तसं आहे. तुम्ही घरी. तुम्हाला तो प्रसंग नको आहे हे मान्य, पण मग तो त्याने एकट्याने का बघावा? हॉलमध्ये या, त्याच्या शेजारी बसा, आणि जिथे तुम्हाला चूक वाटेल तिथे त्याच्या कानात सांगा.