अनुभव धागा : जुने गेम कन्सोल आणि नवे वायफाय

घरी फायबरचे नवे कनेक्शन आले, की फोन, लॅपटॉप आणि टीव्ही पाहता पाहता जोडले जातात आणि टीव्हीखालच्या कप्प्यातला पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल) तेवढा अडून बसतो. ओळखीच्या मंडळींकडून अलीकडे याच स्वरूपाची विचारणा वारंवार होते. यंत्राचा वायफायचा भाग जळाला, असा बहुतेकांचा समज असतो आणि दुरुस्तीवालेही तसे सांगून मोकळे होतात. माझे मत वेगळे आहे. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असते. नव्या राउटरची सेटिंग तेवढी त्याच्या काळाच्या पुढची असते. म्हणून हा धागा काढत आहे. कोणते यंत्र, राउटरमध्ये नेमके काय बदलले आणि त्यानंतर काय झाले, एवढे प्रत्येकाने लिहावे. ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ हा सल्ला सर्वांना पाठ आहे, तो येथे नको.

सुरुवात माझ्याकडच्या पीएस३ पासून करतो. हे यंत्र २००६ च्या नोव्हेंबरात जपान आणि अमेरिकेत विक्रीस आले. त्यातले वायफाय ८०२.११ बी/जी या जुन्या प्रतीचे असल्यामुळे ते वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्याच्या यादीत येतच नाही. वायफायच्या पासवर्डच्या सुरक्षेच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत त्याची मजल डब्ल्यूपीए२ पर्यंत आहे. डब्ल्यूपीए३ ची घोषणाच मुळी २०१८ मध्ये झाली, तेव्हा ते या यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. माझ्या नव्या राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिले होते आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ अशी मिश्र ठेवली होती. परिणाम असा, की यादीत नाव दिसे, पासवर्डही स्वीकारला जाई, आणि मग तपासणीच्या पानावर ‘आयपी ॲड्रेस’ (राउटरने यंत्राला द्यायचा पत्ता) या ओळीसमोरचे चक्र फिरत राहून शेवटी वेळ संपल्याचा संदेश येई.

जोडणी करताना पीएस३ दाखवतो त्या या तपासणीच्या पानाकडे नीट पाहावे, असे मी आवर्जून सांगेन. त्यावर आधी आयपी ॲड्रेस, मग इंटरनेट कनेक्शन, मग प्लेस्टेशन नेटवर्क (सोनीची ऑनलाइन सेवा) आणि त्याखाली एनएटीचा प्रकार (राउटरमागच्या यंत्राला बाहेरून कितपत गाठता येते, ते सांगणारा १ ते ३ चा क्रमांक; ३ सर्वांत अडचणीचा) अशा ओळी एकामागून एक येतात. पहिल्याच ओळीत गाडी अडली, तर दोष घरातल्या राउटर आणि यंत्राच्या जोडणीत आहे. पहिली ओळ पार होऊन दुसरीत अडली, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा बाहेरची लाईन तपासावी. पहिल्या दोन्ही ओळी पार होऊन तिसरीत अडत असेल, तर वायफायला हात लावण्याचे कारणच नाही.

माझ्या बाबतीत पहिलीच ओळ अडत होती. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ‘स्मार्ट कनेक्ट’ (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सोय) बंद केले, २.४ गिगाहर्ट्झला वेगळे नाव दिले, सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ अशी एकेरी ठेवली आणि चॅनलची (बँडमधल्या वापरायच्या भागाची) रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली. त्यानंतर पीएस३ पहिल्याच झटक्यात जोडला गेला. वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ८०२.११ जी चा कागदावरचा कमाल वेग ५४ एमबीपीएस असतो आणि हातात त्याच्या निम्मासुद्धा क्वचितच पडतो. त्यामुळे ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणून या यंत्राला काही फरक पडणार नाही.

डोंबिवलीहून

आमच्याकडेही पीएस३ च आहे, पण अडचण वेगळी होती. जोडणी होत असे, दुपारी खेळही सुरळीत चाले आणि रात्री आठनंतर मात्र दर थोड्या वेळाने तुटत असे. आमच्या इमारतीत मजल्यावर सहा सदनिका आहेत आणि प्रत्येक घरात किमान एक राउटर आहे. फोनवरच्या वायफाय तपासणाऱ्या ॲपमध्ये पाहिले, तेव्हा सहा क्रमांकाच्या चॅनलवर अक्षरशः झुंबड उडालेली दिसली. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल १ ते १३ असे असले, तरी एकमेकांवर न चढणारे असे साधारणपणे १, ६ आणि ११ एवढेच धरले जातात. आमचा राउटर ‘ऑटो’वर असल्यामुळे ज्या चॅनलवर सकाळी शांतता असे, तेथेच रात्री गर्दीत अडकून पडत असावा. मी ‘ऑटो’ काढून ११ कायम केला. तुटणे जवळजवळ थांबले.

जवळजवळ अशासाठी म्हणतो, की स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि आमचा राउटर त्याच भिंतीच्या पलीकडे आहे. सौ. जेवण गरम करायला लागल्या, की खेळ अजूनही अडखळतो. त्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. राउटरची जागा बदलणे हाच उपाय आहे आणि ते काम घरी मंजुरीसाठी प्रलंबित आहे.

मडगावहून

अमेरिकेतल्या मामाने पूर्वी आणून दिलेला निन्टेन्डो वी हा गेम कन्सोल आमच्याकडे आहे. नव्या राउटरचे नाव त्याच्या यादीत दिसतच नव्हते. फोनला दिसे, लॅपटॉपला दिसे, याला नाही. चॅनल तपासला तेव्हा राउटरने आपण होऊन १३ निवडलेला आढळला. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणे साधारणपणे १ ते ११ हेच चॅनल वापरतात. १२ आणि १३ आपल्याकडे आणि युरोपात चालतात. चॅनल १ वर आणताच नाव दिसले. परदेशातून आणलेले जुने यंत्र कोणाकडे असेल, तर त्यांनी हे सर्वांत आधी पाहावे.

पुन्हा धागाकर्ता

मडगावच्या प्रतिसादाला धरून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. वायफाय जोडण्यापूर्वी पलीकडे सेवा जिवंत आहे का, हेही पाहून घ्यावे. निन्टेन्डोची वी आणि डीएस (हातात धरायचा कन्सोल) यांवरची एकत्र खेळण्याची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. वीचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला आणि ३डीएस व वी यू या यंत्रांवरचे ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला थांबले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचे दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झाले, मात्र आधी विकत घेतलेले खेळ उतरवून घेण्याची सोय त्यानंतरही ठेवलेली आहे. बंद झालेल्या सेवेचा त्रुटी संदेश अनेकदा जोडणी बिघडल्यासारखाच दिसतो आणि माणूस विनाकारण राउटरशी झटापट करत बसतो.

नागपूरहून

पीएसपीविषयी (सोनीचा हातात धरायचा कन्सोल) कोणी लिहिले नाही, म्हणून विचारतो आणि सांगतोही. या यंत्राला डब्ल्यूपीए२ मुळातच येत नाही. त्याआधीच्या डब्ल्यूपीए-पीएसकेपर्यंतच त्याची झेप आहे. वायफायही ८०२.११ बी प्रकारचे आहे. काही नव्या राउटरमध्ये बी प्रकार बंदच ठेवलेला असतो, तो आधी चालू करावा लागतो. मी राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कला जुनी सुरक्षा दिली आणि पीएसपी जोडला गेला. निन्टेन्डो डीएससाठीही असेच करता येईल, असे वाटते. त्याला तर फक्त त्याहूनही जुनी डब्ल्यूईपी सुरक्षा कळते. हे नेटवर्क कायम चालू ठेवायला हरकत आहे का?

पुण्याहून

नागपूरच्या मित्रांना : हरकत आहे, आणि ती गंभीरपणे घ्यावी. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येते, हे जुने आणि सिद्ध झालेले सत्य आहे. पाहुण्यांचे नेटवर्क घरातल्या इतर यंत्रांपासून वेगळे राहते हे खरे. पण ते फोडून बाहेरच्या माणसाने आपल्या कनेक्शनवरून काही भलतेच केले, तर चौकशी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे येते. काम असेल तेवढा वेळ चालू करून लगेच बंद करावे. खेळ आणि फायली पीएसपीमध्ये घालायच्या असतील, तर यूएसबी केबल आहेच; त्यासाठी घराची सुरक्षा खाली आणण्याची मुळीच गरज नाही. छंद म्हणून हे करणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, तरीही या एका बाबतीत माझे मत ठाम आहे.

आता माझा अनुभव. वायफाय उत्तम, तपासणीच्या सर्व ओळी पार, आणि तरीही पीएस३ वर मित्रांच्या खेळात प्रवेश मिळेना व बोललेले ऐकू जाईना. एनएटीचा प्रकार ३ दिसत होता. राउटरमध्ये यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू केले, पोर्ट (बाहेरून येणाऱ्या माहितीची दारे) स्वतः उघडून पाहिले, काही उपयोग झाला नाही. शेवटी राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी ॲड्रेस पाहिला, तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला होता आणि माझ्या राउटरवर उघडलेले पोर्ट बाहेरच्या जगापर्यंत पोहोचतच नव्हते. कनेक्शन देणाऱ्यांच्या ग्राहक सेवेतल्या व्यक्तीला हे समजावण्यात बराच वेळ गेला, कारण त्यांच्या मते ‘स्पीड बरोबर येतोय, म्हणजे तक्रार नाही’. अखेरीस वार्षिक शुल्क भरून स्थिर आयपी (फक्त आपल्या नावचा सार्वजनिक पत्ता) घेतला आणि प्रकार २ झाला. निव्वळ खेळासाठी एवढा खर्च करावा का, हे ज्याने त्याने ठरवावे.

नाशिकहून

चिरंजीवांनी नेटवर्कला ‘फुकट नाही’ असे देवनागरी नाव दिले होते. पीएस३ च्या यादीत त्या जागी नुसते चौकोन येत आणि जोडणी होत नसे. नाव रोमन अक्षरांत केले, काम झाले. जाता जाता : नेटवर्कच्या नावाची मर्यादा ३२ बाइट असते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर तसेच प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. चिरंजीवांना याहून बरेच लांब आणि शेजाऱ्यांना अधिक झोंबणारे नाव हवे होते, ते राउटरने या कारणाने नाकारले.

कोल्हापूरहून

माझ्याकडे एक्सबॉक्स ३६० चे ‘एस’ मॉडेल आहे. २००५ च्या मूळ यंत्रात वायफाय नव्हते, वेगळा यूएसबी ॲडॉप्टर घ्यावा लागे. २०१० च्या या मॉडेलपासून ते आत बसवलेले आले. नव्या वायफायवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. एक्सबॉक्स जोडला, की लॅपटॉपचे नेट जाई आणि लॅपटॉप जोडला, की एक्सबॉक्स बाहेर फेकला जाई.

कारण जुन्या केबल इंटरनेटच्या दिवसांत दडलेले होते. त्या काळी आमच्या भागात केबलवाले एकाच संगणकाचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा यंत्राचा ओळख क्रमांक) नोंदवून घेत आणि दुसरे कोणतेही यंत्र लाईनवर चालू देत नसत. त्यावर तोडगा म्हणून जोडणी करून देणाऱ्या मुलाने एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमधल्या ‘पर्यायी मॅक ॲड्रेस’ या रकान्यात आमच्या लॅपटॉपचाच क्रमांक भरून ठेवला होता. तेव्हा दोन्ही यंत्रे एका वेळी जोडली जात नसत, त्यामुळे काही बिघडले नाही. आता एकाच राउटरवर एकाच क्रमांकाची दोन यंत्रे आली आणि राउटर गोंधळला. ‘अतिरिक्त सेटिंग’मध्ये जाऊन तो रकाना रिकामा केला, एक्सबॉक्स पुन्हा चालू केला आणि प्रश्न मिटला. आपल्याकडच्या अनेक जुन्या यंत्रांत हा क्रमांक अजून तसाच भरलेला असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

ठाण्याहून

पीएस४ ला जुना म्हणायचे का, हे ठाऊक नाही; पण २०१३ च्या पहिल्या मॉडेललाही ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही, ते पुढे स्लिम आणि प्रो मॉडेलना मिळाले. आमच्याकडे रेंज अचानक निम्मी झाली, ती बाहेरून हार्ड डिस्क जोडल्यापासून. यूएसबी ३.० ची यंत्रे आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलेले आहे. डिस्क यंत्राच्या पाठीला चिकटून होती. चांगल्या प्रतीच्या लांब केबलने ती कप्प्याबाहेर नेली आणि रेंज परत आली.

वाईहून

आमचा वाडा जुना आहे, दगडी भिंतींची जाडी हातभर आहे आणि माजघरात राउटर ठेवला, तर माडीवर सिग्नल नावालाही येत नाही. कन्सोल मूळचा एक्सबॉक्स ३६०, त्यात वायफाय नाही आणि बाजारातला कोणताही साधा यूएसबी डाँगल तो स्वीकारत नाही. मी पूर्वीच्या कनेक्शनचा पडून असलेला राउटर ‘क्लायंट’ मोडमध्ये जिन्याच्या वरच्या टोकाला बसवला आणि त्यातून लॅन केबलने कन्सोल जोडला. नव्या राउटरशी बोलण्याचे काम तो दुसरा राउटर करतो, कन्सोलला फक्त केबल दिसते. त्यामुळे चॅनल, सुरक्षा, बँड यांपैकी कशाचीच चिंता कन्सोलच्या बाजूने उरत नाही. लॅनचे पोर्ट असलेल्या पीएस३ लाही हे लागू पडेल. सर्वच राउटरमध्ये हा मोड नसतो. काहींत तो ‘ब्रिज’ या नावाने असतो, म्हणून जुना राउटर रद्दीत देण्यापूर्वी एकदा पाहावे.

ठाण्याहून, दुसरे सदस्य

पीएस३ ची तिसरी ओळ अडते त्यांच्यासाठी. आमच्या यंत्राची तारीख मुख्य बटण बंद केले, की मागे जात असे, कारण आतली सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपलेली होती. तारीख चुकीची असली, की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची ठरतात आणि साइन-इन नाकारले जाते. आधी ‘इंटरनेटवरून वेळ घ्या’ हा पर्याय वापरावा आणि सवडीने बॅटरी बदलून घ्यावी. ज्यांनी आपल्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली आहे, त्यांचा नेहमीचा पासवर्ड पीएस३ वर बरोबर असूनही चालत नाही. फोनवरून किंवा संगणकावरून खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन यंत्र जोडणीसाठीचा वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो आणि पीएस३ वर नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकावा लागतो.