बदलापूरची लोकसंख्या नक्की किती? गूगल एक सांगतं, एजंट दुसरंच

भाडेकरू_डोंबिवली

नमस्कार मंडळी, आईबाबांसाठी बदलापूरला वन बीएचके बघतोय, सध्या डोंबिवलीत भाड्याने आहोत आणि दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचा त्यांना आता वैताग आलाय. एजंट म्हणतो सर पाच लाखाचं शहर झालंय, मेट्रो येतेय, हायवे आलाच समजा. घरी येऊन नेटवर बघितलं तर लोकसंख्या 1,74,226. अहो अडीच-तीन पटीचा फरक कसा काय? मला आकड्याचं एवढं काय पडलंय विचाराल तर, माणसं किती ते कळल्याशिवाय पाणी, लोकल, दवाखाने पुरतात की नाही याचा अंदाज कसा बांधायचा? तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. आणि पूर्व घेऊ की पश्चिम?

आकडेमोड

नेटवरचा आकडा बरोबर आहे पण तो 2011 च्या जनगणनेचा आहे. 2021 ची जनगणना कोरोनात लटकली ती लटकलीच, आता 2027 ची, संदर्भ तारीख 1 मार्च 2027. म्हणजे तोपर्यंत सरकारी कागदावर बदलापूर 1.74 लाखच.

आता अंदाज. 2001 ला कुळगाव-बदलापूरची (नगरपालिकेचं नाव हेच) लोकसंख्या साधारण 98 हजार होती. दहा वर्षांत 78 टक्के वाढ, म्हणजे वर्षाला पावणेसहा-सहा टक्के, चक्रवाढीने. तोच वेग धरला तर 2027 ला 4.3 लाखाच्या आसपास जातो. एजंटचे पाच लाख जरा फुगवलेले वाटतात पण हवेतले नाहीत. अर्थात तोच वेग राहिला हे गृहीत धरलंय, 2020 च्या डिसेंबरात नवीन विकास नियंत्रण नियमावली आली, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण वाढलं, त्यानंतर तळमजला अधिक चार मजल्यांच्या जागी टॉवर दिसायला लागले, त्यामुळे वेग वाढलाही असेल.

आणि पाण्याचं म्हणाल तर शहरासाठी माणशी 135 लिटर रोज हा नियम धरतात. 1.74 लाखाला झाले साडेतेवीस एमएलडी (म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर), 4.3 लाखाला 58. कुठला आकडा धरून पाइप टाकलेत यावर सगळं आलं.

कात्रपकर

आकडेमोड साहेब गणित छान आहे पण फ्लॅट म्हणजे माणसं नव्हेत. आमच्या बिल्डिंगच्या समोर दोन विंग आहेत, ताबा देऊन बराच काळ झाला, रात्री साडेआठला गॅलरीत उभं राहून बघा, निम्म्या खिडक्यांत अंधार. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेत, मालक ठाण्यात नाहीतर परळला. जनगणनेवाला येतो तेव्हा दाराला कुलूप, मोजणार कोणाला? आणि याच्या उलट मागच्या चाळीत एका खोलीत सहा सहा पोरं राहतात, शिरगाव एमआयडीसीत कामाला, त्यांना कोणी विचारत नाही.

जुनं सांगतो. आम्ही आलो तेव्हा कुळगाव म्हणजे कुळगाव आणि बदलापूर गाव तिकडे पश्चिमेला नदीच्या बाजूला, मध्ये भातशेती. 1983 ला आम्हाला कल्याण महापालिकेत ढकललं, 1992 ला परत बाहेर काढून स्वतंत्र नगरपालिका दिली. तेव्हापासून गिरणगावातली, डोंबिवलीतली माणसं येतच राहिली कारण सेंट्रलला मराठी माणसाला परवडेल असं घर पुढे पुढेच सरकत गेलं, आधी डोंबिवली मग अंबरनाथ मग आम्ही, आता वांगणी नेरळ. नगरपालिकेची निवडणूक 2015 ला झाली ती नंतर थेट 2025 च्या डिसेंबरात, आणि प्रभाग पाडले ते पण 2011 च्याच लोकसंख्येवर. आता बोला. एका नगरसेवकामागे कागदावर जितकी माणसं त्याच्या दुप्पट तर नक्की.

भाडेकरू_डोंबिवली

धन्यवाद दोघांना. मग काका, मतदार यादीवरून नाही का अंदाज येत? किंवा नळ कनेक्शन मोजून?

आकडेमोड

मतदार यादीत फक्त 18 च्या वरचे, शिवाय निम्म्या लोकांचं नाव अजून लालबागला नाहीतर गावाला, बदलून कोण घेतो. नळ कनेक्शन तर अजिबात नको, सोसायटीला एक कनेक्शन आणि आत साठ घरं. त्यातल्या त्यात विजेचे मीटर, ते घरटी असतात आणि बंद घराचं युनिट जवळजवळ शून्य येतं, म्हणजे कात्रपकरांचे अंधारे फ्लॅट आपोआप गळतात. चालू मीटर गुणिले चार माणसं, ढोबळ आकडा मिळतो. पण तो डेटा आपल्यासारख्याला मिळणार कुठून.

आणि एक, ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांवरून काही काढायला जाऊ नका. 2011 ला ठाणे देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाख, पण 2014 ला पालघर वेगळा झाला. जुने नवे आकडे जुळतच नाहीत.

सेमीफास्ट_७:०८

लोकसंख्या बघायचीय ना, सकाळी बदलापूर स्टेशनला या. कॅल्क्युलेटर नको.

कल्याणच्या पुढे कर्जतपर्यंत दोनच ट्रॅक, त्यावरच लोकल, त्यावरच पुण्याच्या एक्स्प्रेस, त्यावरच मालगाडी. एक बंद पडली की सगळं ठप्प. कल्याण-बदलापूर तिसरी चौथी लाइन एमयूटीपी 3ए या मुंबईच्या रेल्वे योजनेत मंजूर आहे, 14 किलोमीटरचं काम, चालू आहे, चालूच आहे. अंबरनाथ आणि आमच्या मध्ये चिखलोली स्टेशन होतंय, झालं की थोडी गर्दी तिकडे वळेल असं म्हणतात, मला तर वाटतं तिथे आणखी बिल्डिंगा होतील आणि डबे आमच्याकडूनच भरून निघतील आणि चिखलोलीचे लोक लटकतील. आत्ताच अंबरनाथची मंडळी सीटसाठी उलटी बदलापूरला येऊन त्याच गाडीत बसून राहतात, मग इथल्याला इथेच जागा नाही, रोजची भांडणं.

सीएसएमटी 68 किमी. आईबाबा रिटायर्ड असतील तर खुशाल या. स्वतःला रोज फोर्टला जायचं असेल तर आधी महिनाभर पास काढून करून बघ भावा. मेट्रो 14 कांजूरमार्ग ते बदलापूर आहे, पण कागदावर. एजंटने दाखवलेल्या नकाशातली ठिपक्यांची रेघ म्हणजे ट्रेन नव्हे.

उल्हासकाठी

सगळे लोकसंख्येवर बोलतायत, पूर्व की पश्चिम याचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहिते. पश्चिमेला उल्हास नदी आहे. 26 जुलै 2005 ला काय झालं ते जुन्या लोकांना विचारा, आणि 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी बोटीने काढले, ते टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. हेंद्रेपाडा, वालिवली, बॅरेज रोडच्या खालच्या भागात घर बघत असाल तर आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, तिच्या आत बांधकामाला बंदी. लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. "सर इथे कधी पाणी आलंच नाही" असं सेल्सवाली मुलगी सांगेल, तिने 2019 चा पाऊस बदलापुरात काढलाय का ते विचारा.

आमची बिल्डिंग लाल रेषेच्या बाहेर आहे, दोन गल्ल्या सोडून. पण पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्या चढावर नेऊन लावतो आम्ही सगळे, रात्री दोनला व्हॉट्सअपवर मेसेज येतो पाणी पुलाला लागलं, की चपला घालून खाली. चौथा मजला असला तरी मीटर रूम तळमजल्यालाच असते हे घर घेताना कोणाच्या लक्षात येत नाही.

याचा अर्थ पश्चिम वाईट असा नाही हं, नदीपासून लांब, उंचावरचे भाग पण आहेत.

कात्रपकर

ताई म्हणतात ते शंभर टक्के. पूर्वेला पुराची भीती कमी पण उन्हाळ्यात टँकर बघायला या आमच्याकडे. धरण पंधरा-वीस किलोमीटरवर, बारवी, उंची वाढवून 2019 ला पहिल्यांदा पूर्ण भरलं, पण ते एमआयडीसीचं, अर्ध्या जिल्ह्याची तहान त्यावर. मुंबई-वडोदरा हायवेसाठी माथेरानच्या डोंगराखालून बोगदा काढला, हायवे झाला की जेएनपीटी बंदराची बाजू जवळ येईल, म्हणजे अजून गोडाऊन, अजून माणसं. येऊ देत की, आम्ही पण बाहेरूनच आलो होतो. फक्त पाण्याची टाकी आधी बांधा मग या.

सेमीफास्ट_७:०८

काका टाकी बांधून काय करता, भरायला पाणी नको?

उल्हासकाठी

@भाडेकरू, ओसी (इमारतीत राहायला परवानगीचा दाखला) आहे का आणि नळजोडणी कायमची की बांधकामासाठी घेतलेली, एवढं लेखी घ्या. आणि जो फ्लॅट बघताय त्याच्या वॉचमनला विचारा टँकर आठवड्याला किती येतात. एजंट समोर नसताना विचारा. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीतली कॉम्प्लेक्स पण जाहिरातीत "बदलापूर"च असतात, सातबाऱ्यावर गावाचं नाव बघा, नाहीतर नगरपालिकेचं पाणी मिळेल म्हणून बसाल आणि तुम्ही त्यांच्या यादीतच नसाल.